आळीचा ताप

आमच्या घराला आळीत ‘तापाचं घर’ म्हणत. नवा माणूस हे ऐकून दोन पावलं मागे सरायचा, पण त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. अख्ख्या आळीत थर्मामीटर एकट्या आमच्याकडे होता, एवढाच त्याचा अर्थ. माझा मामा उरणच्या बंदरात कामाला होता. त्यानं तो कुठल्याशा बोटीवरच्या माणसाकडून मिळवला आणि भाऊबीजेला आईच्या ताटात टाकला. आळीतल्या बाकीच्या बायकांना त्यांच्या भावांनी लुगडी दिली आणि आमच्या आईला काचेची कांडी. आई फुगून बसली. “आता ही काय मी नेसू?” असं तिनं तोंडावर विचारलं, तर मामा म्हणाला, “नेसू नको गो, काखंत घाल.” पुढे त्याच कांडीनं आईला जो मान मिळाला, तो कुठल्या लुगड्यानं मिळाला नसता. लग्नाकार्यात तिला पुढे बसवत, भांडणात तिचं ऐकून घेत, कारण ज्याच्या घरात पोरंबाळं आहेत त्याला तापाच्या घराशी वाकडं घेऊन चालत नाही.

आमचं गाव पनवेल सोडून कोन गावाच्या अंगाला जाताना लागायचं. लागायचं म्हणते, कारण आता तिथं टॉवर लागतात. त्यातल्याच एकाच्या वरच्या मजल्यावर बसून मी हे लिहिते आहे. नीट हिशोब केला तर आमच्या वालाच्या शेताच्या बरोबर वर, हवेत. तेव्हा मात्र घर जमिनीवर होतं, कौलारू, पुढे अंगण आणि मागे पाणवठा. सकाळी जाग यायची ती आईच्या तांदळाच्या भाकरीच्या थापांनी. त्यापाठोपाठ तव्यावर भाजल्या जाणाऱ्या सुकटीचा वास यायचा, आणि मग मिठागरावर निघालेल्या बाबांचा खोकला, जो आजाराचा नसून ‘चहा कुठाय’ असं विचारण्याचा एक प्रकार होता. घरात आम्ही चौघं. आई, बाबा, मी आणि माझ्याहून मोठी मंदाताई. मंदाताईचं बोलणं कमी आणि काम जास्त, माझं नेमकं उलट.

पण थर्मामीटर वाचायचा तो मीच. आईला अक्षरओळख नव्हती. बाबा पेपर वाचत, पण त्यांना पारा काही सापडत नसे. त्या कांडीची एक गंमत असते. सरळ धरली तर आत काहीच दिसत नाही, नुसती काच. बोटांत केसभर फिरवली की चंदेरी रेघ लख्ख उभी राहते आणि आणखी केसभर फिरवली की पुन्हा गायब. ती रेघ पकडायचं कसब माझ्या बोटांत आपोआप आलं होतं. त्यामुळे शाळेत जाणाऱ्या, परकरातल्या माझ्यासारख्या पोरीला आळीत भलतंच वजन आलं. “सुमे, बग गो किती हाय,” असं म्हणत म्हातारेकोतारे माझ्यापुढे हात वर करून बसत. मी कांडी उजेडाकडे धरायची, डोळे बारीक करायची आणि उगाच थोडं थांबायची. त्या थांबण्यात मला जे सुख मिळायचं ते पुढे कुठल्या नोकरीत मिळालं नाही. मी आकडा सांगितला की कोण मिठागरावर जाणार, कोण घरी पडणार, कुणाला पेज आणि कुणाला भाकरी, हे ठरायचं. बदल्यात बोरं, भाजलेल्या वालाच्या शेंगा, कधी शेतात शेंगांबरोबर भाजलेल्या पोपटीच्या मडक्यातला बटाटा असं काही ना काही हातावर पडायचं.

मोजण्याची आमची रीतही ठरलेली होती. काख आधी फडक्यानं कोरडी करायची, कांडीचं टोक खोल बसवायचं आणि हात अंगाशी घट्ट धरायचा. किती वेळ धरायचा, हे घड्याळ सांगत नसे, आई सांगायची. माझी आई धवलारीण होती. म्हणजे आमच्याकडच्या लग्नांत मांडवात बसून धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी म्हणणारी, भटजीइतकाच जिचा मान असतो ती बाई. “एक धवला होस्तोवर हात हलवायचा नाय,” अशी तिची आज्ञा असे, आणि मग ती खरोखरच आख्खा धवला म्हणायची, एकही कडवं न गाळता. तापानं फणफणलेला माणूस समोर बसलाय आणि आई नवरीला पाटावर बसवतेय, असा तो प्रकार होता. पण त्यामुळे वेळेच्या बाबतीत आमच्याकडे घाई कधी झाली नाही. हल्ली माझी सून नातवाच्या काखेत ते पीं-पीं वाजणारं यंत्र ठेवते आणि वाजायच्या आत दोनदा काढून बघते. मी काही बोलत नाही, पण मला तिथं एक धवला म्हणावासा वाटतो.

आता झटक्याची गोष्ट सांगायला हवी. पाऱ्याच्या थर्मामीटरचा पारा चढतो, पण आपण होऊन उतरत नाही. हाताला जोरात झटका देऊन तो खाली आणावा लागतो. मामानं हे करून दाखवलं होतं, पण का करायचं ते सांगितलं नव्हतं. आळीनं आपल्या बुद्धीनं त्याचा अर्थ लावला. झटकल्यावर कांडीतला ताप बाहेर पडतो, आणि ज्याच्या अंगणात पडतो त्याच्या घरात शिरतो. दृष्ट काढल्यावर मीठमिरच्या आपण कुणाच्या दारात टाकत नाही, त्यातलाच हा हिशोब. म्हणून ताप मोजून झाला की ज्याचा ताप त्याच्याच घरचं माणूस कांडी घेऊन गावाबाहेरच्या तिठ्यावर जायचं, तिथं ती झटकायचं आणि मागे न बघता परत यायचं. आई कांडी माठातल्या गार पाण्यानं धुऊन डबीत घालायची. रीत येडीगबाळी असली तरी तिचं काम चोख चालत होतं, कारण झटका बसत होता.

मग तिठ्यावर बंगला झाला. जमिनीचे पैसे आलेल्या एका माणसानं तो बांधला, दोन मजली, गुलाबी, वर सिमेंटचा गरुड. त्याच्या बायकोनं पहिल्याच आठवड्यात कमरेवर हात ठेवून सांगितलं, “आमच्या दारात कुनी ताप टाकायचा नाय.” तिचंही बरोबरच होतं म्हणा. नवं घर बांधून आख्ख्या आळीचा ताप कोण झेलील? लोकांनी थोडे दिवस दुसरी जागा शोधली, पण जिकडे जावं तिकडे कुणाचं तरी दार. शेवटी ज्यानं-त्यानं अंग काढून घेतलं. कांडी न झटकताच परत यायला लागली, आई ती धुऊन ठेवायला लागली, आणि काखेत घालण्याआधी तिच्याकडे बघायचं असतं हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी बघायची ती नंतर.

थंडी सरायच्या दिवसांत सर्दीपडसं असतंच. शेजारच्या बामाकाकीच्या पोराला शंभर निघाला. त्यानंतर जो आला त्याला शंभर किंवा त्याच्या वर, कारण न झटकलेला पारा वर सरकू शकतो, खाली कसा येणार? कुणाला खराच एकशे दोन आला की पुढच्या सगळ्यांना एकशे दोन. शेवटी एका पोराला टॉन्सिलनं एकशे चार भरला आणि आळी तिथंच जाऊन बसली. मी प्रामाणिकपणे वाचत होते. रेघ बरोबर पकडत होते, आकडा बरोबर सांगत होते, फक्त तो दुसऱ्याच कुणाचा तरी असायचा. आणि आकड्याची जादू अशी की धडधाकट माणूससुद्धा एकशे चार ऐकला की जागच्या जागी आडवा व्हायचा. वर चार गोधड्या, खिडक्या बंद, पोटात नुसती पेज. एवढं केल्यावर कुणालाही घाम फुटेल आणि डोकं दुखेल, मग तोच पुरावा. काहीजण पनवेलच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले ताप नाही, गोधड्या काढा, पाणी प्या, फिरा. लोकांनी त्याचा अर्थ असा काढला की पनवेलला पोचेस्तोवर वाऱ्यानं ताप उतरला.

हसू येतं खरं, पण हसावं तरी किती? परवाच्या त्या महामारीत आमच्या सोसायटीच्या दारावर वॉचमन कपाळाला पिस्तूल लावून ताप बघायचा. भर उन्हातून आलेल्याला एकशे एक आणि एसी गाडीतून उतरलेल्याला त्र्याण्णव. त्या यंत्राच्या मते आमच्या बिल्डिंगमधले निम्मे लोक केव्हाच वारले होते, आणि वॉचमन त्यांना सलाम करून आत सोडत होता.

तर आळीला ताप चढत असताना आमच्या अंगणात मांडवाचे खांब पुरले जात होते. मंदाताईचं लग्न ठरलं होतं. मुलगा नेऱ्याचा, दत्ता नावाचा. आई आणि मंदाताई पनवेलच्या बाजारात वाल विकायला बसत, आणि शेजारी दत्ता काकड्या घेऊन बसे. मंदाताईनं त्याआधी आलेली स्थळं काही ना काही खोट काढून परतवली होती. एकाचे दात, एकाची आई, एकाचं गाव. दत्ताकडून रीतसर विचारणा आली तेव्हा मात्र तिनं काहीच खोट काढली नाही. नुसती भाकरी थापत राहिली, आणि ती भाकरी पार जळेपर्यंत तिनं उलटली नाही. त्यावरून आम्ही काय ते समजलो. तिला हे लग्न फार हवं होतं. तिनं कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, त्यामुळे ते मला जास्तच कळत होतं.

आणि हळद तोंडावर आलेली असताना नेऱ्याहून निरोप आला. तुमच्या आळीत तापाची साथ आहे असं ऐकतो. वऱ्हाड कसं आणायचं? हळद पुढे ढकलू, मग बघू. निरोप आणणारा गेल्यावर बाबा म्हणाले, “‘मग बगू’ म्हंजे मोडल्यातच जमा.” आमच्याकडे पुढे ढकललेली हळद म्हणजे लोकांच्या तोंडाला आयतं खाद्य.  त्या दिवसांत मंदाताई अंगावर शाल घेऊन वावरायची, आणि जेवताना आपल्या ताटातला बोंबील मला द्यायची. मी तो आनंदानं खायची. सासरी जाणारी बहीण लाड करतेय, असं मला वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दत्ताचे चुलते पदाजीकाका स्वतः आले. दत्ताला वडील नव्हते, घरात यांचा शब्द शेवटचा. उंच, रुंद, पांढरी टोपी, हातात काठी, पण टेकायला नव्हे, दाखवायला. मांडवाच्या अर्धवट खांबांमध्ये खुर्ची टाकून ते बसले. चहा घेतला, बिस्कीट परत केलं आणि म्हणाले, “मला जल्मात कदी ताप आला नाय. तुमचा तो काटा पयला मला लावा. तो खरं बोलतो का खोटं, ते कलू दे.” मी आतून डबी आणली. त्यांनी सदऱ्याचं बटण काढलं, आईनं फडकं दिलं आणि धवला धरला. पाहुण्यासाठी जरा लांबलचकच धरला. तो संपल्यावर मी कांडी उजेडाकडे केली, रेघ पकडली आणि सवयीप्रमाणे थोडं थांबून सांगितलं, “एकशे चार.”

पदाजीकाकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. मग हळूच कपाळ चाचपलं. “तरीच,” ते म्हणाले, “सकालधरनं डोकं जड हाय.” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. बाबा धावत जाऊन घोंगडी घेऊन आले. आईनं पेज टाकायला तांदूळ काढले. आमच्या आळीत पाऊल ठेवल्या ठेवल्या व्याह्याला ताप चढलेला, आता लग्न कसलं नि काय, हे सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. आई पेजेत गुंतलेली, म्हणून कांडी धुवायचं तिचं काम त्या दिवशी मी घेतलं. ओटीवरच्या माठातून तांब्याभर पाणी काढलं, कांडी त्यात बुडवून धुतली आणि बाहेर काढताना चाळा म्हणून बोटांत फिरवली. रेघ उभी राहिली. एकशे चार. मी ती पुन्हा पाण्यात धरली, चांगली खोल. पाणी इतकं गार होतं की बोटं आखडली. बाहेर काढली, पुन्हा एकशे चार.

“बाबा,” मी म्हटलं, “पान्याला ताप हाय.”

“कोनाला?”

“माठातल्या पान्याला. एकशे चार.”

बाबांनी तांब्यात हात घातला, मग माझ्याकडे बघितलं, मग कांडीकडे. त्यांना रेघ दिसत नव्हती, पण गोष्ट दिसली. ते मटकन ओटीवर बसले आणि हसायला लागले. इतके की खोकला आला, आणि या वेळी तो चहाचा नव्हता. पदाजीकाकांना समजायला थोडा वेळ लागला, पण समजल्यावर ते घोंगडी फेकून असे उभे राहिले, जणू त्यांना आयुष्यात काही झालंच नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र एकेक आकडा उलटा फिरत होता. झटकणं म्हणजे दृष्ट टाकणं नव्हतं, पाटी पुसणं होतं. आम्ही पाटी पुसलीच नव्हती, आणि मी कालचीच बेरीज आज वाचून दाखवत होते.

“मग झटका त्याला,” पदाजीकाका म्हणाले.

तिथं गाडी अडली. आई आडवी आली. “मांडवात? आख्ख्या आलीचा ताप माज्या पोरीच्या मांडवात झटकू?” बाबांनी तिठ्याकडे बघितलं, तर गुलाबी बंगल्याच्या गच्चीत बाई वाळवण घालत उभी. पदाजीकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि सावधपणे म्हणाले, “आमच्या नेऱ्याला नेऊन झटकू नका, म्हंजे झालं.” तेही शेवटी आमच्यातलेच.

तेवढ्यात मंदाताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. नवरीनं सासरच्या माणसांपुढे असं येऊ नये, पण आली. उन्हात शाल तशीच होती. तिनं माझ्या हातातून कांडी घेतली. “पडू दे माज्यावर. लगीन माजंच हाय,” असं म्हणाली आणि मांडवाच्या मधोमध उभी राहून तिनं मनगटाला झटका दिला, मग आणखी एक, मग आणखी. मी कांडी घेऊन बघितली. पारा तळाला जाऊन बसला होता.

पुन्हा धवला झाला. पदाजीकाका साडेसत्त्याण्णव. ते खूश झाले, म्हणाले, “सांगितलं नव्हतं?” झटका. बाबा सत्त्याण्णव. झटका. आई अठ्ठ्याण्णव, आणि तिच्या वेळीही धवला तिनंच म्हटला, कांडी काखेत धरून. अंगण हलकं झालं होतं, बामाकाकी कुंपणावरून डोकावून हसत होती, तिला तिचा एकशे चार पुन्हा मोजून घ्यायचा होता. “झालं तर,” बाबा म्हणाले. “आता नवरी,” पदाजीकाका म्हणाले.

मंदाताई माझ्या शेजारी खाली बसली. आईनं धवला धरला. मंदाताई माझ्या अंगावर जरा रेलली आणि तिचा दंड माझ्या दंडाला लागला. तो भाजत होता. मी तिच्याकडे बघितलं. डोळे लाल, ओठ कोरडे, आणि हे सगळं मला आजच दिसत होतं. आईचा आवाज चढला तशी ती ओठ न हलवता पुटपुटली, “सुमे, अठ्ठ्याण्णव बोल.”

धवला संपला. मी कांडी फिरवली. एकशे एक. त्या वेळी मला खरोखर वाईट वाटलं आणि तिचा रागही आला. ती एक अठ्ठ्याण्णव मागत होती, तो द्यायला मला काही पडत नव्हतं. इतके दिवस मी आळीभर खोटा ताप वाटलाच होता की. पण आता आळीत एकच खरा ताप उरला होता, आणि तो माझ्या बहिणीला होता, आणि इतक्या गोंगाटात कुणी तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. मीही नाही. सगळ्यांनाच ताप आहे म्हटल्यावर ज्याला खरा आहे त्याला कोण विचारतं? आज इतकी वर्षं झाली, नातवाला ताप आला की मी आकडा नंतर बघते. आधी विचारते, पाणी पितोय का, शू झाली का, हाक मारल्यावर बघतो का.

“एकशे एक,” मी म्हटलं.

मंदाताईनं डोळे मिटले. आई तिच्याजवळ आली, कपाळाला हात लावला आणि तो तिथंच ठेवला. “कदीपासनं गो?”

“झाले की बरेच दिस. मदीच थंडी भरते, मदीच उतरतो.” मग तिनं मान खाली घातली. “सगल्यांनाच होता, म्हून बोलले नाय. लगीन मोडलं असतं.”

 बाबांनी हात जोडले, “काका, आमाला ठाव नव्हतं—”

“थांबा ओ.” पदाजीकाकांनी माझ्याकडे काठी केली. “ए पोरी, दुसऱ्या कोनाला हाय का ताप?”

“नाय. बाकीच्यांचा कांडीचाच होता. खरा हिलाच.”

“मग साथ कसली? एकीला ताप म्हंजे साथ नव्हं, आजारी मानूस. आजारी मानसाला डाक्तरकडं न्यायचं असतं, घरी बसवून आकडं मोजायचं नसतं.” ते उठले, टोपी नीट केली. “माजा टेम्पो भायेर उबा हाय, पनवेलला चला. हलद ती बरी झाली की लावू. आनी लोकांना काय सांगायचं ते मी सांगतो. नवरी आमची, मंग ताप बी आमचाच.”

पुढे रक्त तपासल्यावर मलेरिया निघाला. कडू गोळ्यांनी तिच्या तोंडाची चव गेली, आणि हळद जरा उशिरा लागली तरी लागली, नेऱ्याहून ट्रक भरून वऱ्हाड आलं. पण ते सगळं नंतरचं. त्या क्षणी बाबा डोळे पुसत होते, आई टेम्पोत घालायला गोधडी शोधत होती, पदाजीकाका काठी आपटत घाई करत होते. आणि मंदाताई, जी इतके दिवस उभ्या उभ्या तापात भाकऱ्या थापत होती, पापड लाटत होती, मांडवाखालची जमीन शेणानं सारवत होती, तिनं पहिल्यांदाच खांबाला डोकं टेकलं आणि आईला विचारलं, “आये, मंग मी आता जरा आडवी पडू?”